लग्न ठरलेल्या मुलीला कुष्ठरोगाचं निदान, घरचे म्हणतात मोडा. नेमकी माहिती हवी

प्रश्न: पुणेकर_मुलगा

नमस्कार. माझं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. मुलगी चंद्रपूर जिल्ह्यातली, आम्ही पुण्यात. तिच्या पाठीवर आणि दंडांवर मिळून आठ-नऊ फिकट चट्टे होते, त्यावर स्पर्श कळत नव्हता. ग्रामीण रुग्णालयात तपासणी होऊन ‘एमबी’ (मल्टिबॅसिलरी, म्हणजे जास्त जंतूंचा प्रकार) अशी नोंद झाली आणि एमडीटीचं, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराचं, पहिलं पाकीट सुरू झालं. डाव्या हाताच्या करंगळीकडे अधूनमधून मुंग्या येतात, बोटं मात्र सरळ आहेत. निदान झालं त्याच दिवशी तिनं मला सांगितलं. माझ्या घरी मी सांगितलं ते तिला विचारूनच.

मला लग्न करायचंय, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आई म्हणते, साखरपुडाच झालाय, अजून मोडता येतं. बाबा म्हणतात, निदान दोन वर्षं पुढे ढकल. काका म्हणाले, लग्न केलंस तरी तिचं ताट, पेला, अंथरूण वेगळं ठेवा.

मला विचारायचंय ते असं: घरातल्यांना लागण होईल का? लग्न पुढे ढकलायला काही वैद्यकीय कारण आहे का? मुलांना हा आजार जातो का? उपचारात काय बिघडू शकतं, आणि मी स्वतः काय लक्ष ठेवायचं? आणि कायद्याच्या बाजूनं काही अडचण? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

उत्तर: कुष्ठतंत्रज्ञ_विदर्भ

लागणीपासून सुरुवात करतो, कारण ताट-पेल्याचा प्रश्न तिथंच सुटतो.

हा जंतू शिवल्यानं पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून जे तुषार उडतात त्यातून, आणि तेही दीर्घकाळच्या जवळच्या सहवासात पसरतो. शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांची प्रतिकारशक्ती त्याला जात्याच पुरून उरते. जंतूची वाढ अतिशय सावकाश होते, एकाचे दोन व्हायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. तिला हा आजार आत्ता कुठून आला हे शोधण्यात, किंवा त्यासाठी कुणाला दोष देण्यात, काहीच हाती लागणार नाही.

एमडीटीच्या पहिल्या दिवशी रिफॅम्पिसिनचा ६०० मिलिग्रॅमचा डोस देतात. त्यानंतर काही दिवसांतच जिवंत जंतू इतके कमी होतात की तिच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. तिचं पहिलं पाकीट चालू आहे. म्हणजे ती सून म्हणून पुण्यात येईल तेव्हा तुमच्या घरातल्यांना तिच्यापासून धोका नसेल. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळं अंथरूण यानं कुणाचंही संरक्षण होत नाही. होतं ते एवढंच की रोज तीन वेळा जेवायला बसताना तिला कळतं, आपण या घरात वेगळ्या आहोत. आणि असा वेगळेपणा सोसणारी माणसं पुढं हाताला मुंग्या आल्या, डोळा दुखला तरी बोलत नाहीत. लपवतात. व्यंग येतं ते तिथून.

आता ‘संपर्कातील व्यक्ती’ म्हणजे कोण, हे आई-बाबांना नीट सांगा. साधारण निकष असा आहे: गेल्या वर्षभरात निदान तीन महिने, आठवड्याला २० तास किंवा जास्त रुग्णाच्या सहवासात असलेला माणूस. तिचे आईवडील, भावंडं, शेजारची मैत्रीण हे त्यात येतात. साखरपुड्याला भेटलेली तुमची आई येत नाही. तिच्या माहेरच्यांची चट्ट्यांसाठी तपासणी झाली का, आणि रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस त्यांना मिळाला का, हे विचारा. १५ वर्षं आणि पुढच्यांना ६०० मिलिग्रॅम, १० ते १४ वयाला ४५० देतात, त्याखाली वजनानुसार. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस आणि खोकला-ताप-वजन घटणं अशी क्षयाची लक्षणं असलेला माणूस यांना तो देत नाहीत. क्षय असेल तर एकट्या रिफॅम्पिसिननं जंतू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, म्हणून आधी क्षयाबद्दल विचारणं चुकवायचं नाही. या डोसनं धोका कमी होतो, पण संपत नाही. तेव्हा माहेरच्यांची वर्षातून एकदा उघड्या अंगानं, चांगल्या उजेडात तपासणी निदान पाच वर्षं तरी व्हावी.

एमबीचा कोर्स १२ पाकिटांचा. प्रत्येक पाकीट २८ दिवसांचं. महिन्यातून एकदा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिन ६००, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोन १०० मिलिग्रॅम. मग घरी रोज क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. सगळं मोफत, सरकारी केंद्रात. १२ पाकिटं जास्तीत जास्त १८ महिन्यांत संपली पाहिजेत. लग्नाच्या धावपळीत एखादं पाकीट उशिरा झालं तर घाबरायचं नाही, पण सोडून द्यायचं नाही.

आई-बाबांच्या भीतीबद्दल एक सांगावंसं वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर देवळाबाहेर बसलेले, बोटं झडलेले लोक आहेत. ती माणसं बहुतेक एमडीटीच्या आधीच्या काळातली. वरोऱ्याला आनंदवन १९४९ साली उभं राहिलं तेव्हा हाताशी होतं ते मुख्यतः डॅप्सोन, तेही वर्षानुवर्षं घ्यायचं. तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये केली आणि आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात ती १९८३ पासून आली. बोटं झडणं हे जंतूचं थेट काम नसतंच. नस (मज्जातंतू) बधिर होते, मग भाजलेलं-कापलेलं कळत नाही, जखम चिघळते, हाड खराब होतं. वेळेवर निदान झालेल्या मुलीचं भवितव्य त्या चित्रावरून ठरवू नका.

उत्तर: त्वचा_डॉक्टर

लग्न पुढे ढकलायला वैद्यकीय कारण नाही. वडिलांना दोन वर्षं कशासाठी हवीत हे कळतं, पण त्या दोन वर्षांनी तिच्या प्रकृतीत काही फरक पडणार नाही. फरक पडेल तो गावात काय बोललं जाईल यात. आजार आनुवंशिक नाही. मूल जन्मतः हा आजार घेऊन येत नाही.

औषधांचं मात्र नीट समजून घ्या, कारण लोक अर्धवट माहितीनं औषध सोडतात.

रिफॅम्पिसिनच्या दिवशी लघवी तांबडी-नारिंगी होते. हे रक्त नव्हे. क्लोफाझिमिननं त्वचा कोरडी होते आणि हळूहळू तपकिरी-काळसर पडते, चट्ट्यांच्या जागी जास्त. लग्नातल्या फोटोंपर्यंत हे दिसू लागेल. ‘पोरगी काळी पडली’ हे पाहुण्यांचं वाक्य ऐकून मुली गोळ्या बंद करतात, हे आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार दिसतं. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत ते काळेपण ओसरतं, काहींना वर्षभर किंवा अधिक लागतं. तोवर रोज आंघोळीनंतर ओल्या अंगाला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. आणि लग्नाच्या तोंडावर मेडिकलमधून किंवा पार्लरमधून आणलेली गोरं करणारी क्रीम अजिबात नको. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, त्यानं चट्टे दबतात आणि काय चाललंय ते तपासताना कळत नाही. ब्लीचही टाळा.

डॅप्सोनमुळे रक्त कमी होऊ शकतं. सुरुवातीला हिमोग्लोबिन करून घ्या, आणि दम लागणं, अंग फिकं पडणं दिसलं तर पुन्हा. जमत असेल तिथं जी-सिक्स-पी-डी तपासणीही (डॅप्सोननं रक्तपेशी फुटण्याचा धोका आहे का, हे तिच्यातून कळतं). पहिल्या महिना-दीड महिन्यात ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे असं काही झालं तर डॅप्सोन त्याच दिवशी थांबवून रुग्णालयात जा. ही दुर्मीळ पण जीवावर बेतणारी गोष्ट आहे, आणि ‘पुढच्या पाकिटाच्या तारखेला दाखवू’ म्हणून थांबलं की हाताबाहेर जाते.

आता सर्वांत महत्त्वाचं: रिअॅक्शन. जंतू मरत असताना किंवा मेल्यावरही शरीराची प्रतिकारशक्ती खवळते. ती उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. एका प्रकारात जुने चट्टे लाल होतात, सुजतात, नस दुखते. दुसऱ्यात ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात, सांधे आणि कधी डोळे दुखतात. घरच्यांना वाटतं औषध उलटलं, आणि ते एमडीटी बंद करतात. बंद करायची नाही. वेगळा उपचार जोडायचा, तोही लगेच. सहसा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम सकाळी जेवणानंतर सुरू करून दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५ असं उतरवतात, म्हणजे किमान १२ आठवडे. नस गुंतलेली असेल तर जास्त. डोस आणि कालावधी तपासणारे डॉक्टरच ठरवतील. आधी साखर, रक्तदाब आणि जंतांचं औषध बघावं लागतं. स्वतःहून अचानक बंद करू नये. नसेची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर परत येण्याची चांगली शक्यता असते, त्यानंतर कमी. तिच्या करंगळीकडच्या मुंग्यांना म्हणूनच मी किरकोळ म्हणणार नाही. येत्या आठवड्यातच नसांची नोंदवून तपासणी व्हावी.

बाळाबद्दल: गरोदरपणात आणि अंगावर पाजताना एमडीटी चालू ठेवता येते. क्लोफाझिमिनमुळे बाळाचा रंग किंचित गडद दिसू शकतो, तो जातो. पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रिअॅक्शनचं प्रमाण वाढतं, त्यामुळे कोर्स संपवून मग विचार केला तर तपासणं सोपं जातं. ही सक्ती नाही, सोय आहे. एक पक्कं लक्षात ठेवा: गाठींच्या रिअॅक्शनवर काही वेळा थॅलिडोमाइड देतात. त्यानं गर्भात गंभीर व्यंग येतं. मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला ते सहज म्हणून कुणी लिहून देत असेल तर घेऊ नका, दुसरं मत घ्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू करायच्या असतील तर एमडीटी चालू असल्याचं आधी सांगा.

उत्तर: फिजिओ_सातारा

तुम्ही स्वतः काय करायचं, हे विचारलंत ते फार बरं केलंत. रुग्णालयात महिन्यातून एकदा जी तपासणी होते ती घरी आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांत होते. दोघांनी मिळून करा. लग्नाआधी तिच्या आईला किंवा बहिणीला शिकवा.

ताकद आधी. तळहात वर करून करंगळी बाकीच्या बोटांपासून बाहेर न्यायला सांगा आणि तुमच्या बोटानं हलका विरोध करा. मग अंगठा तळहातापासून सरळ छताकडे, तिथंही विरोध. मग मूठ करून मनगट वर. बसून पाऊल वर, टाच जमिनीला. शेवटी डोळे गच्च मिटायचे, पापण्यांमध्ये फट राहते का पाहायचं. उजवी-डावी तुलना करा आणि वहीत तीनच शब्दांत नोंद ठेवा: ताकद पूर्ण, कमी, नाही. ‘पूर्ण’चं ‘कमी’ झालं की त्याच दिवशी फोन करायचा. पाकिटाच्या तारखेची वाट बघायची नाही.

मग संवेदना. साध्या बॉलपेनचं टोक घ्या. तिनं डोळे मिटलेले. तळहातावर चार ठिकाणी आणि तळपायावर चार ठिकाणी इतकं हलकं टेकवा की कातडी जेमतेम दबेल. जिथं टेकवलं तिथं तिनं बोट ठेवायचं. तीन सेंटिमीटरच्या आत दाखवलं तर कळलं असं धरा. लोक इथं दोन चुका करतात: पेन ओढतात, किंवा ‘आता कळलं का?’ असं विचारत जातात. विचारलं की माणूस हो म्हणतो. गप्प बसून, कधी टेकवून कधी न टेकवता करा.

करंगळीच्या मुंग्या म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूनं जाणारी नस. तिथं दाबून दुखतं का, दोरीसारखी जाड लागते का, हे तज्ज्ञानं पाहावं. तुम्ही रोज दाबून बघू नका. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवेपर्यंत कोपर काटकोनात ठेवून हात झोळीत, आणि जड बादली, दळण, कपडे पिळणं बंद. मालिश करून ‘नस मोकळी’ करणाऱ्यांकडे नेऊ नका.

लग्नातल्या गोष्टी वेगळ्या लिहितो, कारण त्या छापील पत्रकांत सापडत नाहीत. हाताचा काही भाग बधिर असेल तर काचेचा चुडा फुटून कापलेलं कळत नाही. बांगड्या सैल मापाच्या घ्या, रोज रात्री मनगट पाहा. पायाच्या बोटांना बधिरपणा असेल तर जोडवी घट्ट नकोत. रुतून झालेली जखम दोन दिवसांनी वासावरून कळते, इतका उशीर होतो. काळी मेंदी नको, तिच्यातल्या रसायनानं फोड येतात. होमाजवळ बसताना हात-पाय आगीपासून अंतरावर. नंतर स्वयंपाकघरात सांडशी, लाकडी मुठीची भांडी, जाड फडकं. गरम पाणी बधिर हातानं तपासायचं नाही, नीट कळत असलेल्या हाताच्या कोपरानं.

तळव्याला कळत नसेल तर घरातसुद्धा अनवाणी नको. आतून मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं मऊ रबर), तळ कडक, खिळा नाही, मागे पट्टा, अशी चप्पल कार्यक्रमातून मोफत मिळते. रोज वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात, मग घट्टा खरखरीत दगडानं हलक्या हातानं घासायचा, पुसून कोरडं न करता तेल लावायचं. भेगा पडल्या नाहीत तर जखम व्हायचं निम्मं कारण टळतं. नवऱ्यानं बायकोचे तळवे बघणं काही घरांत विचित्र वाटतं. वाटू द्या. रोज संध्याकाळी बघा.

उत्तर: वकील_कोर्टनाका

कायदा थोडक्यात. पूर्वी हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा, मुस्लिम विवाह विच्छेदनाचा १९३९ चा कायदा आणि ख्रिश्चनांना लागू असलेला घटस्फोट कायदा या सगळ्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. २०१९ च्या वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियमानं ते सगळीकडून काढून टाकलं. विधी आयोगानं २०१५ च्या २५६ व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या तरतुदी काढण्याची शिफारस केली होती. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याचा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. ‘उद्या कोर्टात सोडचिठ्ठी मिळेल’ असं कुणी घरात म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

एक गोष्ट मात्र जपा. महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली, या कारणानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करण्याचा अर्ज होऊ शकतो, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. तिनं तुम्हाला आधीच सांगितलंय, म्हणून तुमच्या बाबतीत हा प्रश्न संपला. तरी तो संदेश जपून ठेवा. आज तुम्ही ठाम आहात, पण पुढं नातेवाईक ‘आम्हाला फसवलं’ म्हणू लागले तर तिच्या बाजूनं पुरावा असावा.

घरच्यांनी शेवटपर्यंत साथ दिली नाही तर विशेष विवाह कायद्यानं नोंदणी लग्न करता येतं. तुम्ही २१ पूर्ण, ती १८ पूर्ण. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर ३० दिवस हरकतींसाठी, मग नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न. हरकत फक्त कलम ४ च्या अटींवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, मनःस्थितीमुळे संमती देता न येणं, निषिद्ध नातं. आजार हा मुद्दाच त्यात नाही. काकांनी हरकत नोंदवली तरी टिकणार नाही. प्रौढांनी जोडीदार निवडण्यात कुटुंबाची किंवा जातीची संमती आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात स्पष्ट सांगितलंय. धमक्या आल्या तर पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

विम्याच्या अर्जात प्रकृतीचा प्रश्न असेल तर खरं लिहा.

उत्तर: सुलभा_ताई

माझं मत जरा वेगळं आहे. एवढं सगळं करून आईला पटवण्यापेक्षा भावकीत काहीच सांगू नये. काकांपर्यंत हे गेलंच कसं? मुलीची अब्रू असते. सहा महिन्यांत ‘बरी झाली’ म्हणायचं नि विषय संपवायचा.

उत्तर: कुष्ठतंत्रज्ञ_विदर्भ

सुलभाताई, भावकीला सांगायची गरज नाही, हे अगदी बरोबर. निदान तिचं आहे, कुणाला कळावं हे तीच ठरवेल. माहेरच्या संपर्कातल्यांना प्रतिबंधक डोस देतानासुद्धा रुग्णाचं नाव सांगायला तिची परवानगी लागते. गावात जाऊन तपासायचं असेल तर ‘त्वचेच्या आजारांची तपासणी’ म्हणून आसपासच्या बऱ्याच घरांत जातात, म्हणजे एका घराकडे बोट दाखवलं जात नाही. आशाताईला आधीच तसं सांगून ठेवा.

पण एका छपराखाली राहणाऱ्यांपासून लपवणं चालत नाही. रोजची गोळी, दर २८ दिवसांचं पाकीट, रंगात पडलेला फरक, मधेच स्टेरॉइड लागलं तर सुजलेला चेहरा. सासूबाईंपासून लपवायचं तर सून गोळी न्हाणीघरात घेणार आणि पाहुणे असले की चुकवणार. रिअॅक्शन आली तर ‘ताप आहे’ म्हणून पडून राहणार. नस तेवढ्यात जाते.

आणि ‘सहा महिन्यांत बरी’ म्हणू नका, एमबीचा कोर्स १२ पाकिटांचा आहे. कोर्स संपला तरी काही चट्टे फिकट राहतात, बधिरपणाही काही ठिकाणी राहतो. ते जुने व्रण आहेत, चालू आजार नव्हे. घरच्यांना हे आधी सांगितलं नसेल तर शेवटच्या पाकिटानंतर ‘चट्टा तर तसाच आहे’ म्हणून पुन्हा वेगळं ताट सुरू होतं. आजार उलटण्याचं प्रमाण फार कमी आहे. नवा चट्टा आला, जुना वाढला, रिअॅक्शनची लक्षणं दिसली किंवा ताकद-संवेदना कमी झाली तर मात्र दाखवायचं.

पुणेकर_मुलगा

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. आईला हे कुणाच्या तोंडून ऐकवावं? माझं ती ऐकत नाही. आणि लग्नानंतर ती पुण्यात आली की पाकिटं कुठून घ्यायची? चंद्रपूरची फाइल इथं चालते का?

उत्तर: त्वचा_डॉक्टर

आईला भाषण नको, तपासणीला न्या. सरकारी त्वचारोग विभागात आई, बाबा, तुम्ही अशा तिघांची त्वचा तपासून घ्या. तुम्ही व्याख्येप्रमाणे संपर्कातले नाही, तरी हरकत नाही. तपासताना आई प्रश्न विचारेल, आणि उत्तर तिच्या मुलाकडून न येता तपासणाऱ्याकडून येईल. आत जाण्याआधी डॉक्टरांना मुद्दा सांगून ठेवा: ‘पहिल्या डोसनंतर लागण होत नाही’ आणि ‘भांडी वेगळी नकोत’, ही दोन वाक्यं त्यांनी स्पष्ट म्हणावीत. काही डॉक्टर संकोचानं गुळमुळीत बोलतात, ‘काळजी घ्या’ एवढंच म्हणतात, आणि आई त्याचा अर्थ वेगळी भांडी असा घेते.

काकांना नेऊ नका. त्यांचं मत घरात चालतं का, हे आई-बाबा पटल्यावर आपोआप ठरेल.

आणि घाई करू नका. आई लग्न मोडा म्हणते त्यामागं मुलाची काळजी आहे. ती काळजी खरी आहे, फक्त तिला चुकीच्या जागी लावलंय. तिला काम द्या: आठवड्याची ताकद-संवेदनेची वही लिहायची. हात धरून तपासावा लागतो त्या माणसाची भीती फार दिवस टिकत नाही, हे अनेक घरांत होताना दिसतं.

उत्तर: कुष्ठतंत्रज्ञ_विदर्भ

पाकिटांचं असं. लग्नाआधी दोन आठवडे तिनं तिच्या केंद्रात जाऊन बदलीपत्र घ्यायचं. त्यात नोंदणी क्रमांक, एमबी असल्याची नोंद, किती पाकिटं झाली, नसांच्या तपासणीचा पहिला आणि ताजा तक्ता, आणि स्टेरॉइड चालू असेल तर कोणत्या डोसवर आहे, एवढं असलंच पाहिजे. तक्त्याची मोबाइलवर फोटोप्रत ठेवा. तक्ता हरवला की नवीन ठिकाणी आधीची ताकद किती होती हेच कळत नाही, आणि नवी कमजोरी जुनी समजून सोडून दिली जाते. पुण्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, महापालिकेचा दवाखाना किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग, कुठंही नोंद पुढे चालू होते. पैसे लागत नाहीत.

लग्न, मांडवपरतणी, देवदर्शन यात पाकिटाची तारीख येत असेल तर एकापेक्षा जास्त पाकिटं आगाऊ मागता येतात. तशी सोय कार्यक्रमात आहे, पण मागावी लागते. घरातल्या एकानं जबाबदारी घ्यायची असते, ती तुम्ही घ्या. पाकिटावर पहिला दिवस कोणता ते खुणेनं लिहा. महिन्याच्या त्या मोठ्या डोसच्या दिवशी लघवीचा रंग बदलेल हे त्या दिवशी घरात असणाऱ्या बायकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लग्नघरात गोंधळ होतो.

करंगळीची तपासणी मात्र बदलीपत्रासाठी थांबवू नका. ती या आठवड्यात, चंद्रपूरलाच.